ईसीएमला फाशी देण्याआधी

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात जुन्या पिकअपच सगळ्यात जास्त निघाल्या. ईसीएम म्हणजे या गाड्यांत इंजिनचा कारभार बघणारा कॉम्प्युटर. पत्रं थोडी छाटली आहेत. देशी गाड्यांच्या कंपन्यांची आणि मॉडेलची नावं मी मुद्दाम काढली, कारण ही दुखणी कुठल्या एका कंपनीची मिरासदारी नाही. दहा-बारा वर्षं पाऊस, धूळ आणि ओव्हरलोड खाल्लेल्या कुठल्याही गाडीत ती निघतात. एक पत्र टेक्सासहून आलंय. त्यातली गाडी तिथलीच आहे, म्हणून तिचं नाव ठेवलं.

माझी २०१२ची कॉमनरेल पिकअप आहे. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला जातो. कल्याणच्या आसपास ट्रॅफिकमध्ये गाडी एकदम बंद पडते. लाईट, हॉर्न सगळं चालू असतं, सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी स्टार्ट होते. गॅरेजवाला म्हणतो ईसीएम गेला, चाळीस हजार लागतील. बदलू का? (वाहतूकदार, जुन्नर तालुका)

दादा, चाळीस हजार तूर्त खिशात राहू द्या. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, अशा दुखण्यात ईसीएमचा नंबर बराच मागे लागतो. गॅरेजवाल्यांना तो पहिला आठवतो कारण तो बंद डब्यात असतो. आत काय आहे ते गिऱ्हाईकाला दिसत नाही, त्यामुळे वादही होत नाही.

माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. बहुतेक गाड्यांत तो फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) घरावर किंवा पुढच्या पुलीजवळ असतो. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. फिरत्या चाकाचे दाते समोरून गेले की त्यात विजेचे ठोके तयार होतात, आणि त्यावरून ईसीएमला कळतं की इंजिन फिरतंय. वेटोळं आतून कुठेतरी तुटत आलं असेल, तर गार असताना टोकं चिकटलेली राहतात. तापल्यावर ती सुटतात. ठोके थांबले की ईसीएमच्या लेखी इंजिन उभं आहे, मग तो नोझलला डिझेल सोडायला सांगणार तरी कसा? आणि इंजिन उभंच आहे असं त्याला वाटत असल्यामुळे क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा पी०३३५ हा कोड नोंदलेला असेलच असंही नाही. ‘स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) काही आलं नाही, म्हणजे ईसीएमच’ हे तर्कट इथूनच निघतं.

गाडी बंद पडेल तेव्हाच तपासायचं, अर्ध्या तासाने नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. स्कॅनर असेल तर त्यावर आरपीएम बघा, ते जास्त खात्रीचं. सेल्फवर इंजिन दोनशेच्या आसपास फिरतं. तेवढा आकडा दिसायला हवा. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. मग फडकं ओलं करून फक्त सेन्सरवर ठेवा. इंजिनवर बादली ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. पाच-दहा मिनिटांत गाडी पकडली तर चोर सापडला. मीटर असेल तर गरम असतानाच कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, काढून ओहम मोजा. अशा वेटोळ्याचे साधारण पाचशे ते दीड हजार ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळं तुटलेलं आहे.

यात एक मेख आहे. काही सेन्सर वेटोळ्याचे नसतात, हॉलचे, म्हणजे आत छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले, असतात. त्यांना ईसीएमकडून सप्लाय लागतो आणि त्यांचे ओहम मोजून काही कळत नाही. तीन वायर दिसल्या की हॉल, असंही समजू नका. तिसरी वायर कधीकधी नुसत्या शील्डची, म्हणजे बाहेरच्या विजेचा गोंधळ अडवणाऱ्या आवरणाची, असते. चावी चालू करून कपलरवर व्होल्ट मोजा. एका पिनवर स्थिर ५ किंवा १२ व्होल्ट आले तर हॉल.

अजून एक विचारतो. हे सुरू होण्याआधी क्लच प्लेट बदलली होती का? तुमच्या गाडीचा सेन्सर फ्लायव्हीलकडे असेल तर क्लचचं काम करताना तो काढला जातो. त्याच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, आणि तो न पुसता तसाच परत बसवतात. वायरही क्लिपमध्ये न अडकवता सायलेन्सरजवळ लोंबत सोडतात. चाळीस हजारांचं काम कधीकधी फडक्याने होतं.

सेल्फ मारताना आरपीएम येत असेल तर रेल प्रेशर, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाईपमधला दाब, बघा. दोनशे बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय बऱ्याच कॉमनरेल गाड्यांत नोझल उघडतच नाहीत. तापल्यावर डिझेल पातळ होतं, झिजलेल्या नोझलमधून मागे परततं आणि दाब चढत नाही. तसं असेल तर ते काम माझ्या धंद्यातलं नाही, पंप-नोझलवाल्याकडे जा. पण इंजिन चालू असताना रेलची पाईप ढिली करून ‘डिझेल येतंय का’ बघणारा मिस्त्री दिसला तर त्याला तिथेच थांबवा. हजारभर बारच्या दाबाने निघालेली डिझेलची धार कातडीतून आत जाते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडतं.

आता खुद्द ईसीएम. त्याला दोषी ठरवण्याआधी एवढं तरी तपासा की त्याच्यापर्यंत वीज येते का आणि परत जाते का. इथे मीटर फसवतो. वायरच्या वीस तारांतली एकच शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवणार, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. म्हणून आम्ही जुने लोक बल्ब लावतो. ईसीएमचा कपलर काढायचा, चावी चालू करायची, सप्लायच्या पिनला आणि बॅटरीच्या मायनसला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. लख्ख पेटला तर सप्लाय ठीक, मिणमिणला तर रिले (विजेने चालणारा स्विच), फ्यूज किंवा मधला जॉईंट खराब. काही गाड्यांत मेन रिले ईसीएमच ओढतो, तिथे कपलर काढल्यावर रिले हाताने जोडून बघावा लागतो. अर्थच्या (मायनसच्या) पिनेचीही अशीच परीक्षा, फक्त बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या प्लसला. आणि ही परीक्षा सप्लाय-अर्थपुरतीच! सेन्सरच्या वायरीला बल्ब लावलात तर चांगला ईसीएम तुमच्याच हातून जाईल.

‘दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून बघू’ हाही सल्ला मिळेल तुम्हाला. इमोबिलायझर असलेल्या गाडीत दुसरा ईसीएम तुमच्या चावीला ओळखणार नाही, त्यामुळे गाडी स्टार्ट होणार नाही. आणि मग सगळे म्हणणार, ‘बघा, हासुद्धा खराब निघाला!’ शिवाय बऱ्याच इंजिनांत प्रत्येक नोझलच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीएममध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी चालवली तर इंजिन ठोके मारतं, धूर सोडतं.

मिरकरवाड्याहून मासळी नेतो. पिकअप २०१४ची. मधेच चेक लाईट लागते, पेडल कितीही दाबलं तरी इंजिन बाराशेच्या वर जात नाही. स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड आले: पी०६४२, पेडलचा पी२१३८, रेल सेन्सरचा, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) सेन्सरचा. मेकॅनिक म्हणाला सगळे सेन्सर बदला. (रत्नागिरी)

एका घरात एकाच वेळी पाच माणसं आजारी पडली तर पाच वेगळे रोग शोधत नाहीत, विहीर बघतात. तुमच्या यादीत विहिरीचं नाव आलेलंच आहे, पी०६४२. ईसीएम सेन्सरांना जो ५ व्होल्टचा सप्लाय देतो तो कमी पडतोय, असा त्याचा अर्थ. पेडल, रेल, बूस्ट ही मंडळी त्याच ५ व्होल्टवर जगतात. त्यांच्यापैकी एक आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर चॅसिसला घासली, की सगळ्यांचे व्होल्ट खाली येतात. बाराशेवर अडकणं हा ईसीएमचा शहाणपणा आहे. पेडलवर विश्वास उरला नाही म्हणून घरी पोचण्यापुरतं इंजिन तो चालू ठेवतो.

चावी चालू, इंजिन बंद. एखाद्या सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट मोजा. समजा दोनच आले. मीटर तसाच लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून कपलरमधून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा उडी मारून पाचवर जाईल, तो गुन्हेगार. सगळे काढूनही वर गेला नाही तर वायरिंग. मग ईसीएमचा कपलर काढून त्या वायरीचा अर्थशी संबंध येतोय का ते बघा. संबंध नसेल, वायर चोख असेल आणि तरीही ईसीएम ५ व्होल्ट देत नसेल, तर मात्र मीही म्हणेन की ईसीएम उघडून बघू. रेल सेन्सर ठीक आहे का याचीही सोपी खूण आहे. इंजिन बंद, दाब उतरलेला, चावी चालू: सिग्नलच्या वायरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा हवा.

तुमच्या गाडीत मला जास्त भीती मिठाची आहे. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून झिरपून चॅसिसवर उतरतं, आणि गाडी रोज प्रेशरच्या पाण्याने धुतली जाते. केबिनची फरशीसुद्धा नळी लावूनच धूत असाल. पेडलचा कपलर तिथेच आहे, आधी तो उघडा. पिना हिरव्या दिसल्या तर इलेक्ट्रिकल क्लीनरने साफ करा. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका, पिनेवरचा मुलामा गेला की ती महिन्याभरात पुन्हा हिरवी होईल. पीन ढिली झाली असेल तर बदलाच. खारं पाणी तांब्याच्या तारांमधून वातीसारखं चढतं. बाहेरून वायर कोरी दिसते, आत वीतभर काळी झालेली असते. अशी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायची, झाळायची आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवायची. नुसती काळी टेप गुंडाळून कोकणात भागत नाही.

आणि मेकॅनिकला सांगा, तपासताना वायरला टाचणी टोचायची नाही. घाटावर ते भोक कदाचित खपेल. तुमच्याकडे पुढच्या पावसाळ्यात तिथेच वायर सडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पीन सरकवून मोजता येतं.

इंजिन ते चॅसिस आणि बॅटरी ते चॅसिस या अर्थच्या पट्ट्या नव्याच टाका. जुन्या तपासत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ऑनलाइन ब्लूटूथ स्कॅनर मागवला. मित्राच्या कारला लगेच जोडला जातो, माझ्या २००९च्या पिकअपला ‘कनेक्ट’च होत नाही. स्कॅनर खराब की गाडी? (मंचर)

बहुधा दोन्ही चांगले आहेत. ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोडने सांगण्याच्या सोयीची, सक्ती आपल्याकडे भारत स्टेज ४ या प्रदूषण-नियमांबरोबर आली. ते नियम २०१०मध्ये निवडक शहरांत लागू झाले आणि सगळ्या देशात १ एप्रिल २०१७पासून. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं तेच सॉकेट दिसलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. बऱ्याच जुन्या गाड्या सात नंबरच्या पिनेवरच्या एका वायरीने बोलतात. नव्या गाड्या सहा आणि चौदा या पिनांच्या जोडीवर बोलतात. तुमच्यासारख्या जुन्या गाडीला सगळ्या कंपन्यांची भाषा येणारा गॅरेजचा स्कॅनर लागेल.

स्कॅनरचा दिवाच पेटत नसेल तर गोष्ट वेगळी. सोळा आणि चार नंबरच्या पिनांत १२ व्होल्ट आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज आणि सिगरेट लायटरचा फ्यूज एकच असतो. मोबाईलचा दहा रुपयांचा चार्जर लावून तो तुम्हीच उडवलेला असू शकतो.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. नवीन बॅटरी टाकली, तरी तेच. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) पण भरून आणला. (निफाड)

नवीन बॅटरी टाकल्यावर तेच दुखणं परत आलं, म्हणजे बॅटरी निर्दोष. गाडी उभी असताना कुणीतरी वीज पितंय.

त्याआधी चार्जिंग बघून घ्या. इंजिन चालू, हेडलाईट चालू, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून तिथेच मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अल्टरनेटरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय, भले तो कालच भरून आणला असो. खराब डायोड रात्री बॅटरी पितो आणि दिवसा ईसीएमला खरखरीत वीज पाजतो. त्याने सेन्सरचे उगाचच कोड पडतात. अल्टरनेटरची जाड वायर सहसा केबिनच्या फ्यूज-बॉक्समधून जात नाही, म्हणून तिथले फ्यूज काढत बसून हा चोर सापडत नाही.

आता गळती. चावी काढा, दारं लावा, बॅटरीची मायनस केबल काढून मध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, इंजिन सुरू होण्याऐवजी मीटर संपेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. ईसीएम झोपायला वेळ घेतो, अर्धा तास चहा प्या. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर हिशेब करा: दिवसाला १२ अँपिअर-तास, म्हणजे ७५ची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्यावर. तुमची तक्रार याच हिशेबात बसते.

कोण पितंय ते शोधायला फ्यूज उपटून बघू नका, उपटून परत लावला की झोपलेली यंत्रणा जागी होते. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर धरा. ज्याच्यावर शून्याऐवजी काही आकडा येतो, त्यातून करंट वाहतोय.

पण हे सगळं करण्याआधी सरळ विचारतो, गाडीला बाहेरून काय काय जोडलंय? फायनान्सवाल्याचा ट्रॅकर, टेप, अँप्लिफायर, हौद्यातली एलईडी पट्टी, देवापुढचा निळा दिवा? या वायरी कुणीतरी चावीच्या स्विचवर न घेता थेट बॅटरीवरून मारलेल्या असतात, तेही बिनफ्यूजच्या. माझ्या दुकानात अशा तक्रारींचं सगळ्यात नेहमीचं उत्तर हेच निघतं.

मूळचा साताऱ्याचा, टेक्सासला असतो. मुलाने हौसेने १९९३ची शेवरोले सी१५०० पिकअप घेतली, ५.७ लिटर पेट्रोल. चेक इंजिन लाईट लागते, पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज नाही. स्कॅनरचं सोळा पिनांचं सॉकेटच नाही. टेम्परेचरचा काटा मात्र बरोबर दाखवतो. (एक वर्गणीदार)

सोळा पिनांचं सॉकेट अमेरिकेत सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं ते १९९६ मॉडेलपासून. तुमच्या गाडीत डॅशबोर्डखाली बारा पिनांचं सॉकेट असेल. त्याला स्कॅनर नको, केसांची पीन पुरते.

वरच्या ओळीतल्या उजवीकडच्या शेवटच्या दोन पिना म्हणजे ए आणि बी. इंजिन बंद ठेवून त्या दोन पिना तारेने जोडा, मग चावी चालू करा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागेल. एकदा लुकलुक, थांबा, दोनदा लुकलुक: हा १२. इंजिन फिरत नसल्याचा हा कोड, तो तीनदा येतो. म्हणजे ईसीएम जिवंत आहे आणि बोलतोय. त्यानंतर साठवलेले कोड प्रत्येकी तीनदा येतात आणि शेवटी पुन्हा १२. पोराला कागद-पेन्सिल घेऊन बसवा.

तुमच्या वर्णनावरून १५ यावा असा माझा अंदाज आहे. त्याचा अर्थ, इंजिन फार थंड आहे असा निरोप ईसीएमला मिळतोय. सेन्सर किंवा वायर तुटली की त्याला उणे ४०च्या आसपास थंडी वाटते, तेही टेक्सासमध्ये! मग तो पेट्रोल ओततच राहतो. काटा बरोबर दाखवतो याने गोंधळू नका. काट्याचा सेन्सर सिलिंडर हेडवर वेगळा आहे. ईसीएमचा दोन वायरींचा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर, पुढे थर्मोस्टॅटजवळ असतो.

त्याचा कपलर काढा आणि कपलरमधल्या दोन पिना तारेने एकमेकींना जोडून इंजिन थोडा वेळ चालवा. १४, म्हणजे ‘फार गरम’, असा कोड आला तर वायर आणि ईसीएम दोन्ही सुटले, सेन्सर बदला. नुसता १५च राहिला तर वायरीचा माग काढा. सेन्सर मोजायचा असेल तर २० अंशांना साडेतीन हजार ओहमच्या आसपास आणि उकळत्या पाण्यात पावणेदोनशेच्या आसपास यायला हवेत. काम झाल्यावर बॅटरीची मायनस केबल थोडा वेळ काढून ठेवली की जुने कोड पुसले जातात.

कधीकाळी ईसीएम बदलावाच लागला तर जुन्यातली काढता येणारी चिप सांभाळून काढा आणि नव्यात बसवा. इंजिनची सगळी मापं तिच्यात आहेत. ती नीट बसली नाही तर दिवा ५१ लुकलुकवेल.

हौद्याचा फाळका तुटलाय, वेल्डिंग करायचंय. बॅटरीची टर्मिनल काढली की पुरे ना? (बार्शी)

दोन्ही टर्मिनल काढा, आणि ईसीएमचे कपलरही काढून ठेवा. वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प फाळक्याच्या शक्य तितका जवळ, रंग खरवडून लावा. तो इंजिनला किंवा पुढच्या बंपरला लावला तर सगळा करंट गाडीभर फिरून परत येणार. कपलर लावताना आधी ईसीएमचे, बॅटरी सगळ्यात शेवटी. वेल्डर ‘काही होत नाही हो’ म्हणेल. ईसीएमचे पैसे तो भरणार आहे का, तेवढं आधी विचारा.